महाराजांचं नाक आणि शून्य नंबरचा कप्पा

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता.

मागच्या बाकावरून कोण हसलं? जंगलात कॉम्प्युटर कसा, असंच ना? बोलणारा वाघ चालतो तुम्हाला. दरबार भरवणारे प्राणी चालतात. आणि कॉम्प्युटर म्हटलं की लगेच अक्कल सुचते. गप ऐका.

तर कॉम्प्युटर होता. वडाच्या ढोलीत होता. त्याचं चार्जिंग कसं व्हायचं ते विचारू नका, गोष्ट लांबेल.

हा कॉम्प्युटर चालवायची यमू. यमू म्हणजे साळिंदर. तिचे पंजे जाडजूड, त्यामुळे बटणं दाबायला ती स्वतःचाच गळलेला एक काटा वापरायची. टक टक टक टक. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय हुशार पोरगी आहे. जवळून बघितलं तर निम्म्या वेळा ती साप आणि सफरचंदाचा गेम खेळत असायची.

यमूची एक अडचण होती. घाबरली की तिच्या पाठीवरचे काटे फर्रकन उभे राहायचे. ती काही मुद्दाम करायची नाही. पण त्या वेळी जो कुणी तिच्या पाठीमागे उभा राहून स्क्रीनमध्ये डोकावत असेल, त्याचं नाक कामातून जायचं.

आणि पाठीमागे उभं राहून डोकावायचं हेच ज्याचं काम होतं, तो म्हणजे टोणपे. टोणपे रानडुक्कर होता आणि जंगलाचा प्रधान होता. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच तर त्याला कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख केला होता.

राहिले महाराज. गर्जेराव महाराज, वाघ. आता या जंगलाची एक रीत सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढचा सगळा राडा तिच्यामुळेच झाला.

या जंगलात मोजणी एकपासून सुरू व्हायची, कारण एक म्हणजे महाराज. पाणवठ्यावर पहिले महाराज. सावलीत पहिले महाराज. लहान पिल्लं आकडे शिकायला लागली की 'एक' म्हणताना मान खाली घालायची आणि 'दोन'ला वर काढायची. एकच्या आधी काही असतं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. महाराजांच्या पुढे कुणीतरी उभा आहे, असं होतं ना मग ते. त्यामुळे शून्य हा शब्द जंगलात कुणी उच्चारतच नसे. झाडाला आंबे नसले तर लोक म्हणायचे, आंबे गावाला गेलेत.

महाराजांच्या वाढदिवसाचीही रीत होती. माळावर वीस दगड एका ओळीत मांडलेले होते. पहिल्या दगडावर महाराज, दुसऱ्यावर टोणपे, मग मानाप्रमाणे बाकीचे. विसाव्या दगडावर जो असेल तो वाढदिवसाचं जेवण. जेवायला नाही बरं का. जेवण.

त्यामुळे वाढदिवस जवळ आला की सगळं जंगल एकदम गुणी व्हायचं. एकमेकांची चौकशी काय, पाया पडणं काय. विसावा नंबर कुणालाच नको होता.

त्या वर्षी शेजारच्या जंगलात तिथल्या अस्वलीणबाईंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. हा एवढा मोठा. महाराजांनी तो टेकडीवरून पाहिला आणि त्यांना दोन वेळचं जेवण गेलं नाही. आपलाही फ्लेक्स पाहिजे. पाणवठ्यावर, दोन सागांच्या मध्ये, येणाऱ्या जाणाऱ्याच्या डोळ्यात भरेल असा.

फोटो होता एक. एका पर्यटकाचा मोबाइल माकडांनी उडवला होता, त्यावर काढलेला. पण वाघाचा फोटो जवळून काढायला माकडं काय येडी आहेत का? त्यांनी लांबच्या झाडावरून काढला आणि ताणून ताणून मोठा केला. त्यामुळे त्या फोटोत ठिपके एकदम कमी. आडवे बारा, उभे नऊ, संपलं.

ठिपके म्हणजे काय, ते सांगतो. तुमच्या ताई दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना? फोटो म्हणजे तेच. फक्त ठिपके चौकोनी आणि एकमेकांना खेटून बसलेले. प्रत्येक ठिपक्याला एक रंग. कॉम्प्युटर त्यांना कप्प्यांत ठेवतो आणि कप्प्यांना नंबर देतो. झालं शिक्षण.

तर त्या फोटोत महाराज डावीकडे तोंड करून उभे होते आणि खरं सांगायचं तर राखाडी दिसत होते. वय झालं होतं, रंग उडाला होता. टोणपेनं यमूला बोलावून हुकूम सांगितला. जिथे जिथे राखाडी ठिपका आहे तिथे तिथे सोनेरी करायचा. उद्या महाराजांचा वाढदिवस, दुपारपर्यंत फ्लेक्स लागला पाहिजे.

"आणि नाही लागला तर?" यमूनं विचारलं.

टोणपेनं माळाच्या दिशेनं बघितलं. मग यमूकडे बघितलं. मग जिभेनं सुळा पुसला.

"विसाव्या दगडाला अजून कुणी मिळालेलं नाही, यमे."

फर्र. काटे उभे. टोणपेच्या नाकात दोन गेले. तो तसाच ओरडत बाहेर पळाला आणि यमू कामाला लागली.

काम करायचं होतं जावा नावाच्या भाषेत. ही भाषा बोलत कुणी नाही, नुसती लिहितात, आणि लिहिताना एक ठिपका जरी चुकला तरी ती रुसून बसते. यमू ती शिकली होती लटके सरांच्या क्लासमध्ये. लटके सर म्हणजे वटवाघूळ. पिंपळाला उलटे लटकून शिकवायचे. शिकली म्हणजे काय, जात होती. खाली बसून जांभळं खात होती.

तरी तिनं प्रोग्रॅम लिहिला. सोपा होता. वरून पहिली रांग घे. तिच्यातला पहिला कप्पा उघड, राखाडी असेल तर सोनेरी कर, मग दुसरा, मग तिसरा, असं करत बाराव्यापर्यंत जा. मग पुढची रांग. अशा नऊ रांगा. एक ते बारा, एक ते नऊ. यात चुकण्यासारखं काय आहे?

टोणपे नाकाला पाला बांधून परत आला होता. यमूनं बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल अक्षरं आली. ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स. खाली लिहिलं होतं, कप्पे बारा आहेत, बारा नंबरचा कप्पा नाही.

फर्र. टोणपेच्या कानात एक, गालात तीन.

यमूनं ते परत वाचलं. मग मान वाकडी करून वाचलं. कप्पे बारा आहेत. बारा नंबरचा नाही. म्हणजे आहेत की नाहीत?

"मला तर सरळ दिसतंय," टोणपे गालातला काटा उपटत म्हणाला. "बारा होते. बारावा चोरीला गेला."

आणि प्रधानानं चोरी म्हटलं की ती चोरीच. मुंगसांची झडती झाली. उंदरांची बिळं उकरली. एका बिचाऱ्या कासवाला तर कवच काढून दाखव म्हणाले. ते म्हणालं निघत नाही, तर ह्यांचा संशय आणखी वाढला. दुपारभर जंगलात नुसता कल्ला चालू होता. बारावा कप्पा दिसतो कसा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण शोधत सगळेच होते. एका सशानं तर आपल्याकडे आहे म्हणून कबूलही केलं. त्याला वाटलं काहीतरी बक्षीस आहे.

तोपर्यंत यमूनं दुसरी आयडिया काढली. लटके सरांच्या क्लासमध्ये एक गोष्ट तिच्या बरोबर लक्षात राहिली होती, ती म्हणजे चूक झाली की ती गुपचूप पकडायची, खिशात घालायची आणि काही झालंच नाही असं दाखवायचं. जावात तशी सोय आहे. खोटं नाही सांगत. मोठमोठे लोक वापरतात.

तिनं तसं केलं. बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. एकदम शांत. यमूला इतका आनंद झाला की तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि ढोलीची भिंत सोलून निघाली.

मग तिनं फोटो उघडला.

महाराजांच्या कपाळावरून एक सोनेरी पट्टा आडवा गेला होता. बस. बाकी महाराज होते तसे राखाडी. पहिल्या रांगेच्या शेवटी प्रोग्रॅम अडखळला, चूक खिशात घातली आणि घरी निघून गेला. लग्नात हळद लावायला घ्यावी आणि कपाळाला बोट लावल्यावर हळद संपावी, तसं महाराजांचं ध्यान दिसत होतं.

टोणपे कासवाला सोडून आला होता. त्यानं फोटो बघितला. तो माळावर गेला आणि विसाव्या दगडावरचं गवत काढून दगड धुऊन आला.

यमू परत स्क्रीनपुढे बसली. आता डोकं लावायलाच पाहिजे होतं. बारावा नाही म्हणतोय ना हा डबडा? मग अकराव्यालाच थांबू. नऊची रांग पण नको, आठवर थांबू. भांडण नको.

तिनं थांबवलं. बटण दाबलं. लाल अक्षरं नाहीत. फोटो उघडला तर महाराज कपाळापासून शेपटीपर्यंत झक्कास सोनेरी. यमू नाचायच्या बेतात होती. तेवढ्यात तिचं लक्ष डावीकडे गेलं.

डावीकडची एक उभी रांग राखाडीच होती. वरची एक आडवी रांग पण. म्हणजे सबंध महाराज सोन्याचे, पण नाक राखाडी आणि कानांची टोकं राखाडी. चुलीत तोंड घालून आलेल्या मांजरासारखे दिसत होते. आणि फ्लेक्सवर एकेक ठिपका कलिंगडाएवढा दिसणार होता. नाक लपवणार कुठे?

"नाक," टोणपे म्हणाला. "महाराजांचं नाक राहिलं, यमे. इतर कुणाचं काही राहिलं असतं तर चाललं असतं."

झाला का घोटाळा? शेवटचा कप्पा मागितला तर सापडत नाही. आणि पहिल्यापासून सुरू केलं तर पहिला हाताला लागत नाही. यमूनं परत परत बोटं मोजली. ती प्रत्येक वेळी तेवढीच भरली. शेवटी ती ऊन कलायच्या आत पिंपळाकडे पळाली.

लटके सर उलटे लटकून झोपले होते. यमूनं खालून आवाज दिला, सगळी रडकथा सांगितली. सरांनी एक डोळा उघडला.

"मोजायला कुठून सुरुवात केलीस?"

"एकपासून. मग काय सातापासून करू?"

"शून्यापासून करायची."

यमूनं इकडेतिकडे बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना. मग हळूच विचारलं, हे असलं काहीतरी तुम्ही कधी शिकवलंत?

सर म्हणाले, पहिल्याच तासाला. फक्त त्या तासाचा नंबर शून्य होता. आणि तुमच्या या जंगलातली सगळी रत्नं एक नंबरच्या तासापासून आली. शून्य नंबरच्या तासाला मी एकटाच होतो, पिंपळाला शिकवलं. पिंपळ पास झाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जावा पहिल्या कप्प्याला शून्य म्हणते. दुसऱ्याला एक. असं करत बाराव्याला म्हणते अकरा. म्हणून कप्पे बारा असतात आणि तरी बारा नंबरचा नसतो. तू एक नंबर उघडायला गेलीस म्हणजे दुसराच उघडलास, पहिला तसाच राहिला. शून्यापासून निघ आणि बाराच्या अलीकडे थांब. एवढं बोलून सर परत झोपले.

यमू पळत पळत ढोलीत आली. एकच्या जागी शून्य घातलं. आडव्याला घातलं, उभ्याला घातलं. शून्य ते अकरा, शून्य ते आठ. डोळे मिटून बटण दाबलं.

नाक सोनेरी. कान सोनेरी. शेपटीचं टोक सोनेरी. जिथे तिथे सोनं. महाराज असे दिसत होते की आत्ताच दुकानातून आणलेत.

यमू हसत सुटली. हसता हसता लोळली, लोळता लोळता ढोलीतून बाहेर पडली आणि सरळ टोणपेच्या पायात येऊन थांबली. टोणपे स्क्रीनकडे बघत होता. त्याला प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं, पण तो गोल गोल आकडा तो ओळखत होता. लहानपणी तो काढला म्हणून त्यानं मार खाल्ला होता.

"हे काय आहे? महाराजांच्या आधी हा कोण बसवलायस?"

यमूनं समजावलं की असं नसतं, हा नुसता कप्पा आहे. टोणपे ऐकतोय कशाला. राजद्रोह, राजद्रोह म्हणत त्यानं तिला दरबारात नेलं. ओढत नेता येत नव्हतं, काट्यांमुळे. म्हणून तो पुढे आणि ती मागे, अशी वरात गेली.

दरबार भरला. टोणपेनं आरोप केला की या पोरीनं एकच्या आधी काहीतरी घातलंय, ते काय ते मी तोंडानं बोलू शकत नाही, पण ते गोल आहे.

सगळा दरबार हादरला. एक भेकर तर चक्कर येऊन पडलं.

महाराजांच्या घशातून घर्रर्र असा आवाज आला. "आमच्या पुढे कोण उभा आहे?"

यमूचे काटे उभे राहिले. एका बाजूला खरं होतं. कप्पा शून्य हा कप्पा शून्य असतो, त्यात मान नाही आणि अपमान नाही. पण हे खरं तिनं टोणपेला सांगून बघितलं होतं, आणि त्याचा उपयोग काय झाला ते ती बघतच होती. दुसऱ्या बाजूला धुऊन ठेवलेला दगड होता. मग तिला फोटो आठवला.

"महाराज," ती म्हणाली, "तुमच्या पुढे तुमचं नाक उभं आहे."

दरबारानं महाराजांच्या नाकाकडे बघितलं.

"शून्याच्या कप्प्यात कोण बसलंय ते बघा तरी. तुमचंच नाक आहे. तुम्ही कुठेही जा, सगळ्यात आधी कोण पोचतं? नाक. एकच्या कप्प्यात आले नुसते तुमचे गाल. तुम्ही पहिल्यापासूनच शून्य आहात, महाराज. या लोकांनी तुम्हाला उगाच ओढून एकवर आणलंय."

महाराजांनी डोळे तिरळे करून आपल्या नाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खरंच पुढे होतं.

"म्हणजे एकच्या आधी एक जागा होती," महाराज सावकाश म्हणाले, "आणि ती आम्हाला कुणी दिली नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. टोणपेनं जरा जास्तच.

लगेच हुकूम सुटला. आजपासून महाराज शून्य. एक हा आकडा इतरांना वापरायला मोकळा. टोणपे आता दोनवरून एकवर आला, म्हणजे त्याला बढती मिळाली. त्याच्या मागचे सगळे एकेक नंबर वर सरकले आणि जो तो दुसऱ्याचं अभिनंदन करत सुटला. कुणी एक पाऊल हललं नव्हतं, पण प्रगती सगळ्यांची झाली होती. भेकर शुद्धीवर आलं, तर त्याला कळलं की आपणही वर गेलो. ते परत बेशुद्ध पडलं.

सकाळी सुगरण पक्ष्यांनी रंगीत पानं विणून फ्लेक्स तयार केला. दोन सागांच्या मध्ये ताणून बांधला. सोन्यासारखे महाराज, सोन्यासारखं नाक, आणि खाली मोठ्या अक्षरात, आमचे लाडके शून्य गर्जेराव महाराज यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छुक म्हणून टोणपेचा फोटो. गालाला पाला बांधलेला. पाणवठ्यावर घोषणा चालू होत्या की शून्य कोण, तर महाराज. महाराज दोन्ही बाजूंना मान हलवत होते.

यमू घरी निघाली.

"कुठे निघालीस?" टोणपेनं विचारलं.

ती म्हणाली, फ्लेक्स लागला की. आता मी कशाला?

टोणपेनं तिला शांतपणे समजावलं. फ्लेक्स लागला ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण जेवणाचा हुकूम कालच निघालाय. हुकूम एकदा निघाला की त्याला परत यायचा रस्ता माहीत नसतो. शेवटचा दगड तुझा.

हे बोलताना त्यानं गालावरची, कानावरची आणि नाकावरची सगळी भोकं एकेक करून चाचपली. तेव्हा यमूला कळलं की हुकूम नेमका कुठून निघालाय.

माळावर ओळ उभी राहिली. महाराज आपल्या दगडावर, शेजारी टोणपे, मग चितळ, गवा, सांबर, असे करत करत शेवटच्या दगडावर यमू. तिच्यापलीकडे नुसतं गवत होतं. पळावं तर चारी बाजूंनी कोल्हे. यमूचे काटे इतके ताठ झाले होते की शेजारचा मुंगूस त्याच्या दगडाच्या अगदी कडेला जाऊन एका पायावर उभा होता. यमूनं डोळे गच्च मिटले.

भाषणं झाली. टाळ्या झाल्या. मग महाराजांनी ओठ चाटले आणि आपल्या आजोबांपासून चालत आलेलं वाक्य म्हटलं.

"विसावा नंबर पुढे या."

कुणी आलं नाही.

यमूनं एक डोळा उघडला. तिनं सवयीनं शेजारच्या मुंगसाला विचारलं की तुझा कितवा. तो म्हणाला, काल एकोणिसावा होता, आज अठरावा, बढती झाली ना. यमूनं दुसराही डोळा उघडला. हा अठरा. म्हणजे ती एकोणीस.

"विसावा नंबर," महाराज परत म्हणाले. आवाज जरा भुकेला होता.

"महाराज," यमू म्हणाली, "दगड वीस आहेत. वीस नंबरचा नाही."

"आहेत की नाहीत?"

"आहेत, महाराज. पण नाही."

महाराजांनी टोणपेकडे बघितलं. हे वाक्य त्यानं कालच कुठेतरी ऐकलं होतं. तो पुढे झुकून कुजबुजला की महाराज, एकोणीस म्हणा ना, एकाचाच फरक आहे. पण महाराज भडकले. त्यांच्या आजोबांनी विसावा खाल्ला होता. वडिलांनी विसावा खाल्ला होता. आणि त्यांनी एकोणिसावा खायचा? उद्या लोक म्हणतील, गर्जेरावाला विसावा परवडला नाही. मग टोणपे म्हणाला की आपण तेवढ्यापुरतं परत एकपासून मोजू या. हे तर त्यानं बोलायलाच नको होतं. महाराजांनी लांब पाणवठ्यावरच्या फ्लेक्सकडे बघितलं, मग आपल्या नाकाकडे बघितलं.

"आम्हाला परत एकवर आणतोस?"

टोणपेला काहीही करून सिद्ध करायचं होतं की ही पोरगी लबाडी करतेय आणि आपलं डोकं ठिकाणावर आहे. तो धावतच ओळीच्या टोकाकडे निघाला. चितळ गेलं, गवा गेला, सांबर गेलं, मुंगूस गेला. यमूच्या दगडापाशी पोचला, तिला हवेतच एक लाथ दाखवली, काट्यांना वळसा घातला आणि तिच्या पलीकडे गवतात जाऊन उभा राहिला.

"हे बघा महाराज, किती सोपं आहे," तो ओरडला. "शेवटी चूक कुठे आहे? इथे आहे. विसावा इथे असायला हवा. अगदी इथे, मी उभा आहे तिथे."

महाराजांनी पंजा उचलला. आपल्यापासून सुरुवात केली. शून्य. मग एकेक दगडावर पंजा रोखत, ओठ हलवत, ते मोजत मोजत गेले. मुंगूस अठरा. यमू एकोणीस. मग पंजा जरा पुढे सरकला आणि टोणपेवर येऊन थांबला. टोणपे चांगला गुबगुबीत होता. प्रधानकीत वजन वाढतंच.

"वीस," महाराज म्हणाले. "आहे की."

यमूच्या पाठीवरचे काटे एकेक करून खाली बसले.

तात्पर्य : बाळांनो, चूक नेमकी कुठे आहे हे तुम्हाला कळलं, तर फार चांगली गोष्ट आहे. पण ती दाखवायला स्वतः तिथे जाऊन उभं राहू नये.